चर्चच्या पडवीतली शाळा

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोचले. नंतरच्या महिन्यांत जुन्या गोव्याच्या लोकांना एक दृश्य सवयीचं झालं. झिजल्या झग्यातला हा पाद्री हातात घंटा घेऊन गल्लीबोळांतून फिरायचा, पोरं आणि गुलाम गोळा करायचा, आणि तो घोळका चर्चमध्ये नेऊन त्याला प्रार्थना शिकवायचा. शिकवायचा म्हणजे चालीवर म्हणून घ्यायचा. सुरात म्हटलेलं डोक्यात बसतं, हे पाढे म्हणून मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना काय सांगायचं!

गोव्याच्या पॅरिश शाळेची, पोर्तुगिजांच्या भाषेत 'एस्कोला पारोकियाल'ची, मुळं या घंटेपाशी शोधायला हरकत नाही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, कोकणीत फिर्गज. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जिथे फिर्गज झाली तिथे चर्चला लागून एक शाळा भरू लागली. शाळा म्हणजे कधी पाद्रीच्या घराची पडवी, कधी चर्चमागची एखादी खोली. शिकवायला एकच माणूस, त्याला सगळे मेस्त्री म्हणत. शिकायला गावातली मूठभर पोरं. धर्माची तत्त्वं, वाचन, लेखन, थोडा हिशेब, चर्चमध्ये लागते तेवढी लॅटिन, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने सोल्फा, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणं. अशा या बारक्या शाळांनी जे घडवलं ते त्या काढणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण ती गोष्ट पुढे येईल. आधी या शाळा कुणाच्या पैशावर उभ्या राहिल्या ते पाहू.

तिसवाडी बेटावरची देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली. देवळं गेली तरी त्यांच्या जमिनी जागेवर होत्या, आणि त्या पिकत होत्या. १५४१ साली या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती चर्चं आणि सांता फे नावाची संस्था यांच्याकडे वळवण्यात आलं. सांता फेच्याच विद्यालयाचं पुढे सेंट पॉल कॉलेज झालं आणि हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली तिथे उतरला. बारदेश आणि साष्टी १५४३ साली पोर्तुगिजांकडे आले; बारदेश फ्रान्सिस्कन पाद्रींच्या वाट्याला गेला, साष्टी जेझुइट पाद्रींच्या. तिथेही तोच क्रम: आधी देऊळ जायचं, मग त्याच्या जमिनीचा वसूल चर्चकडे यायचा. गावची सामाईक शेती सांभाळणारी गावकरी संस्था पोर्तुगिजांनी मोडली नाही, तिला 'कोमुनिदाद' असं नाव दिलं आणि तिच्याच पदरातून चर्चचा खर्च भागवला. ज्या शेताच्या भातावर कालपर्यंत नंदादीप तेवायचा, त्याच भातावर आज मेस्त्रींचा पगार निघू लागला. या शाळांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही, आणि मी ते विसरून पुढे जाणार नाही.

साष्टीतल्या कुशस्थळीचा मंगेश १५६० साली जुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूला गेला. तेव्हा तो मुलूख पोर्तुगिजांच्या हातात नव्हता. प्रियोळ गावातली जी जागा त्याला मिळाली ती आजची मंगेशी. देवाबरोबर पुजारी गेले, मानकरी गेले, आणि देवापुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची परंपराही नदीपलीकडे नव्याने उभी राहिली. जे मागे राहिले ते ख्रिस्ती झाले. काही मनाने, बरेचसे नाइलाजाने. गाव तेच, शेतं तीच, बहुधा आडनावं तेवढी बदललेली. एका भूमीची अशी दोन गाणी झाली. पलीकडे तंबोऱ्याच्या साथीने कानावरून कानात उतरणारं. अलीकडे पाच रेघांवर लिहिलेलं.

हे लिहिलेलं गाणं शिकवलं कसं जायचं? मेस्त्रीकडे नवीन आलेल्या पोराला वाद्याला हात लावायची मुभा नसे. आधी सोल्फा. कागदावर पाच आडव्या रेघा, त्यांवर आणि त्यांच्या मधल्या जागांत काळे-पांढरे ठिपके. ठिपका कुठे बसलाय त्यावरून तो दो की रे की मी ते ओळखायचं, आणि ओळखल्या क्षणी त्याच उंचीवर गाऊन दाखवायचं. गाताना उजवा हात चालू: खाली, आत, बाहेर, वर. चार मात्रांची एक फेरी पुरी. ठिपका पांढरा असेल तर स्वर दोन मात्रा धरायचा, काळा असेल तर एक, काळ्याला शेपटी असेल तर अर्धी. हात थांबला की चूक, स्वर हलला की चूक. हे महिनोन्‌महिने चालायचं. पोराने कधी न ऐकलेलं गाणं समोर ठेवलं आणि त्याने ते न अडखळता पहिल्याच खेपेला गाऊन दाखवलं, की मग कुठे त्याच्या हनुवटीखाली व्हायोलिन यायचं. गोव्यात त्याला रेबेक म्हणत.

आपल्याकडच्या तालमीशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. गुरूसमोर बसलेला शिष्य एकच पलटा शंभर वेळा घोटतो, तो स्वर अंगात मुरेपर्यंत. मेस्त्रींच्या पोराने गाणं अंगात मुरवावं अशी अपेक्षाच नव्हती. त्याने ते वाचावं, बस. आज एक, उद्या दुसरं, परवा तिसरं. कुठली पद्धत श्रेष्ठ हा वाद मला घालायचा नाही. पण दुसऱ्या पद्धतीत शिकलेला माणूस कुठेही नेऊन बसवता येतो, आणि याच गुणामुळे ही गोष्ट पुढे घडली.

मेस्त्रींना शाळा सुटली म्हणून सुटका नसे. गावात मिस्सा असली की चर्चच्या मागच्या सज्ज्यात उभं राहून गाणारे आणि वाजवणारे सांभाळायचे ते त्यांनीच. उपासाच्या महिन्यातली दुःखभोगाची मोतेतं बसवायची त्यांनी. गावचं फेस्त, कुणाच्या दारातल्या क्रुसापुढची लादाइन्य, लग्न, मयत, सगळीकडे मेस्त्री हवेत. गावात एखाद्याला सूर आहे की नाही हे त्याच्या आईआधी मेस्त्रींना कळत असणार! मोबदला चर्चच्या फंडातून, म्हणजे 'फाब्रिके'तून, आणि गावकरीकडून. तो भरपूर असता तर मेस्त्रींच्या शिष्यांनी पुढे गाव सोडलं नसतं.

राज्यकर्त्यांना मात्र या शाळांकडून दुसरंच काही हवं होतं. त्यांना पोर्तुगीज बोलणारी, पोर्तुगिजांसारखं जगणारी प्रजा हवी होती. सुरुवातीच्या पाद्रींनी लोकांची भाषा शिकून घेतली होती. साष्टीत आयुष्य काढलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी तर येशूचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापून घेतलं. ते इतकं खपलं की त्याच शतकात आणखी दोनदा छापावं लागलं. पण हा उमाळा टिकला नाही. १६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी हुकूम काढला: तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलायचं, आणि पाद्रींनी व शाळामास्तरांनी पोर्तुगीजमधूनच शिकवायचं. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, आणखी एक लांबलचक जाहीरनामा काढला. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, देशी वाद्यं वाजवायची नाहीत, दारात तुळस लावायची नाही. १७४५ साली आर्चबिशपांनी तर पोर्तुगीज येत नसेल त्याचं लग्नच लावायचं नाही असं फर्मान काढलं.

एवढं करून काय झालं? पोर्तुगीज ही वरच्या घरांतली भाषा राहिली. बाकी गाव कोकणीतच भांडत राहिलं, कोकणीतच प्रार्थना पुटपुटत राहिलं. हुकूम काढून भाषा बदलत नाही, हे गोव्याने अडीचशे-तीनशे वर्षं दाखवून दिलं. पण जिच्यासाठी एवढे हुकूम काढावे लागले नाहीत ती सोल्फा मात्र रुजली. ओव्या बंद, घुमट वाद्य बंद, शिंग बंद. गाणं तर माणसाला लागतंच. पोरांनी मेस्त्रींकडचं गाणं उचललं आणि पुढे त्याच सुरावटीत कोकणी शब्द बसवून मांडो नावाची गाणी केली. ज्या बंदीने जुनं गाणं मारायला घेतलं, तिनेच नव्या गाण्याला श्रोते मिळवून दिले. घुमटही पुढे मांडोच्या साथीला परत आलंच.

जेझुइटांना १७५९ साली पोर्तुगालच्या राजाने हाकललं, बाकीच्या संन्यस्त संघांना १८३५ साली गोवा सोडावा लागला. मोठी मठ-विद्यालयं ओस पडली. पण पडवीतली शाळा कुठल्या संघाच्या जिवावर नव्हती, ती फिर्गजीची होती. ती चालू राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोव्याची आर्थिक कंबर मोडली. त्यात १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मिठाचा धंदा इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि मिठागरांवर जगणारी घरं उघडी पडली. साष्टीची आणि बारदेशची माणसं बोटीने, मग आगगाडीने मुंबईला निघाली. कुणी आचारी झालं, कुणी बटलर, कुणी शिंपी, कुणी बोटीवर तारवटी. ज्याने गावात सोल्फा गिरवली होती त्याच्यापाशी मात्र मुंबईत कुणाकडे नव्हता असा हुन्नर होता. पलटणीचे बँड, पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, इंग्रजांचे नाच, सर्कस, आणि पुढे मूकपटाच्या पडद्याखालचा वाद्यवृंद. सगळीकडे कागद बघून वाजवणारा माणूस हवा होता, आणि तो मिळायचा धोबीतलावाला.

धोबीतलावाला मिळायचा, कारण तिथे कूड होते. कूड म्हणजे गावाने मुंबईत भाड्याने घेतलेली खोली. एका बाजूला भिंतीशी पेट्या रचलेल्या, एका बाजूला गावच्या संताची वेदी, रात्री जमिनीवर जागा मिळेल तिथे चटई. अमक्या गावाचा कूड त्या गावच्याच माणसाला. संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरी. कुणी हजर नसला तर दंड. बेकार झालेला, आजारी पडलेला, बोटीची वाट बघणारा, सगळे तिथे. मला तर कूड म्हणजे त्या पडवीतल्या शाळेचं मुंबईला आलेलं भावंड वाटतं. तोच गाव, तीच प्रार्थना, आणि कोपऱ्यात कुणाचं तरी व्हायोलिन. तियात्र, म्हणजे कोकणी नाटक, हाही असाच इथे जन्मला, गोव्यात नव्हे. पहिला खेळ १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला.

१९३१ साली 'आलम आरा' बोलला आणि मूकपटाचे वादक रस्त्यावर आले. काही जण हॉटेलांत गेले. ताजमध्ये तेव्हा टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकन कृष्णवर्णीय जाझ वादक येऊ लागले होते. गोव्याची पोरं त्यांच्या शेजारी बसून वाजवायला शिकली. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' झाले आणि ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून देऊ लागले. मग १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतले नाच थंडावले, आणि या मंडळींची पावलं दादर, ताडदेव, परळच्या स्टुडिओंकडे वळली.

स्टुडिओत काय चालायचं? संगीतकार हार्मोनियमवर चाल म्हणून दाखवायचा. शेजारी अरेंजर बसलेला, मांडीवर पाच रेघांचा कागद. चाल त्याच्या पेन्सिलीतून कागदावर उतरायची. मग तो प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद करायचा: पहिल्या रांगेतल्या व्हायोलिनना हे, दुसरीला ते, चेलोला खालचं, ट्रंपेटला कडव्यामधला तुकडा. कागद स्टँडवर लागायचे आणि वीस-तीस माणसं कधी न ऐकलेलं गाणं पहिल्याच फटक्याला एकसाथ वाजवायची. ज्यांची सारी विद्या कानातून आलेली, त्या आपल्या थोर वादकांना हे जमण्यासारखं नव्हतं. त्यांना ते कधी लागलंच नव्हतं. मेस्त्रींच्या पोरांनी मात्र सातव्या-आठव्या वर्षी चर्चच्या सज्ज्यात हेच केलं होतं. तेव्हा समोर लॅटिन होती, आता राजा मेहदी अली खान किंवा शैलेंद्र, एवढाच फरक.

फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले, आणि त्या जोडीच्या गाण्यांत लाटेसारखी उठणारी व्हायोलिनं हे त्यांचं काम. आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्यासोबत चिक चॉकलेट होते; १९५१ च्या 'अलबेला'ची धमाल दोघांची मिळून आहे. पण श्रेयनामावलीत या लोकांची नावं शोधायला जाल तर डोळे शिणतील. कुठे तरी 'सहायक' म्हणून बारीक अक्षरात, बहुधा तेही नाही. वादकांची तर नाहीच. यात संगीतकारांचा मोठेपणा कमी होतो असं मला मुळीच म्हणायचं नाही, चाल त्यांचीच. पण गाणं ऐकताना आपण जे ऐकतो त्यातलं निम्मं कुणी लिहिलं हे पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही, ही गोष्ट चांगली नाही.

या सगळ्यांत एकाचं नाव मात्र घरोघरी पोचलं, तेही भलत्याच वाटेने. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली साष्टीतल्या माजोर्डा गावचा. वडील तिथल्या चर्चचा गायकवृंद सांभाळणारे मेस्त्री. म्हणजे या मुलाला शाळेत जावंही लागलं नाही, शाळाच घरात. १९४३ साली ते मुंबईत नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ज्यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं त्यांत एक होते पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल शर्मा. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यांची वेळ आली तेव्हा प्यारेलालनी नायकाला आपल्या गुरूचं आडनाव द्यायला लावलं. तेव्हापासून देशाला अँथनी गोन्साल्विस म्हणजे अंड्यातून बाहेर पडणारा, उंच टोपीवाला अमिताभ एवढंच माहीत आहे.

खरे गोन्साल्विस वेगळ्याच नादात होते. वाचून वाजवण्याची विद्या जन्मापासून हाती असलेल्या या माणसाला रागांनी वेड लावलं होतं. स्टुडिओत ज्यांच्याशी गाठ पडली त्या मोठ्या वादकांकडून त्यांनी ते समजून घेतले, आणि मग पाच रेघांच्या कागदावर सारंग लिहिला, तोडी लिहिली, शंभर वाद्यांसाठी. १९५८ साली त्यांनी स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि धोबीतलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम लावला. झेवियर्स, म्हणजे त्या घंटावाल्या पाद्रींच्याच नावाचं. एकशे दहा वादक. गायला मन्ना डे, आणि लता मंगेशकर.

इथे जरा थांबावंसं वाटतं. लताबाईंचे वडील दीनानाथ मंगेशीचे. ज्या कुशस्थळीहून तो मंगेश १५६० साली नदी ओलांडून गेला, तिथपासून माजोर्डा जेमतेम दहाबारा किलोमीटर. देवाबरोबर पलीकडे गेलेलं गाणं आणि अलीकडे राहून सोल्फा शिकलेलं गाणं, चारशे वर्षांनी एका मंचावर समोरासमोर आलं. एकीच्या हातात कागद असेल-नसेल, तिला त्याची गरज नव्हती. वादकांपैकी प्रत्येकापुढे मात्र होता.

असा ऑर्केस्ट्रा चालवणं एकट्याच्या खिशाला परवडणारं नव्हतंच. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परतले ते माजोर्ड्याला, आणि सिनेमाकडे पुन्हा फिरकले नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये गोव्यातच वारले.

तोवर पडवीतली शाळाही संपली होती. पणजीत १९५२ साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी संगीताची अकादमी काढली, तेव्हाच शिक्षण गावातून शहराकडे सरकायला लागलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सेतली लॅटिन गेली, कोकणी आली. शेवटी १६८४ चा हुकूम चर्चनेच उलटा फिरवला म्हणायचं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्यांच्या घरात कुणी कधी पाटी धरली नव्हती ती पोरं प्रथमच शाळेत आली, फुकट आली, धर्म न विचारता आली. पडवीतली शाळा कधी पोचली नव्हती तिथवर या शाळा पोचल्या.

सोल्फा त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हती.